पाणी तापत नाही, म्हणजे नेमकं काय बिघडलं?

आजचा विषय अगदी घरातला आहे. वॉशिंग मशीन चालतं, ड्रम फिरतो, पण पाणी तापत नाही. अशा वेळी निदान ठरलेलं असतं: "हीटर गेला." हीटर बदलला, तरी पाणी थंडच. मग "बोर्ड गेला." बिल वाढत जातं आणि मूळ बिघाड जागच्या जागी राहतो. म्हणून आज आपण सुटे भाग बदलायचे नाहीत, आधी क्रमाने तपासायचं.

आधी नागपूरच्या हवेबद्दल बोलू. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात लावू देत नाही. तेव्हा 40 अंशांचा प्रोग्रॅम लावला की मशीनमधल्या सेन्सरला पाणी आधीच गरम सापडतं आणि हीटर सुरूच होत नाही. म्हणजे हीटर एप्रिलमध्ये बंद पडला असेल, तरी आपल्याला कळणार थंडीत. तोवर कदाचित वॉरंटीही संपलेली! तेव्हा चाचणी घ्यायची ती सकाळच्या गार पाण्यावर आणि 60 अंशांच्या प्रोग्रॅमवर. आणि हो, आपल्या मशीनमध्ये हीटर आहे ना, हेही माहितीपुस्तिकेत बघून घ्या. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये तो नसतोच.

आता पहिली तपासणी. यासाठी मशीन उघडायची गरज नाही. घरातला फ्रिज, कूलर, इन्व्हर्टरचं चार्जिंग, सगळं थोडा वेळ बंद करा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा बघा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो 3200 आहे. नुसती मोटर साधारण 200 वॉट घेत असेल, तर दहा सेकंदांत दिवा जेमतेम दोनदा लुकलुकेल. 2000 वॉटचा हीटर सुरू झाला, तर तेवढ्याच वेळात अठरा-वीस वेळा. पाणी भरून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं लक्ष ठेवलं की उत्तर मिळतं.

दिवा भराभर लुकलुकतोय, म्हणजे हीटर चालू आहे. मग पाणी गार का वाटतं? थोडा हिशेब करू. 12 लिटर पाणी 15 वरून 60 अंशांवर न्यायला 2000 वॉटच्या हीटरला सुमारे 19 मिनिटं लागतात. ड्रम आणि कपडेही तापतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. त्यात व्होल्टेज 230 ऐवजी 190 असेल, तर उष्णता जवळपास दोन तृतीयांशच मिळते. इथे बिघाड मशीनचा नाही, पुरवठ्याचा आहे.

दिवा संथच राहिला, तर मात्र आत बघावं लागेल. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. पण तो काय तपासतोय, हे आपल्याला कळायला हवं. प्लग काढलेला, पाणी सोडून दिलेलं आणि हीटरच्या वायरी सुट्या केलेल्या असाव्यात. मल्टिमीटरवर 2000 वॉटच्या हीटरचा रोध साधारण 26 ओहम दिसतो. काहीच दिसत नसेल, तर आतली तार तुटली आहे. 26 आला, तर हीटर बदलायचं कारण नाही. मग वायरीची टोकं बघायची. सैल पडून ती जळालेली असतात. पुढे तापमानाचा सेन्सर. तो कोमट पाण्यात धरला की त्याचा रोध कमी व्हायला हवा. मग पाण्याची पातळी ओळखणारा प्रेशर स्विच, कारण पाणी भरल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन हीटर लावत नाही. हे सगळं ठीक निघालं, तरच बोर्डावरचा रिले. सगळ्यात महागडा भाग सगळ्यात शेवटी!

हीटर जातो तरी का? नागपूरला नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं येतं, पण अनेक घरांत बोअरचंही पाणी वापरतात. जड पाणी तापलं की त्यातले क्षार हीटरवर पांढरा थर धरतात. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, तार आतल्या आत जास्त तापते आणि कधी बाहेरच्या नळीला बारीक चीर जाते.

ही चीर सगळ्यात धोक्याची, कारण तिथून करंट पाण्यात आणि मशीनच्या पत्र्यात उतरू शकतो. गरम प्रोग्रॅम लावल्यावरच घरातला आरसीसीबी पडत असेल, तर तो बिघडलाय असं समजून काढून टाकू नका. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये फरक पडला, म्हणून तो पडतो. घरात बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो आणि जीव वाचवण्यासाठीच बसवलेला असतो. अशी गळती साध्या मल्टिमीटरवर सुटून जाऊ शकते, तिला मेगर लावावा लागतो. तोपर्यंत मशीन वापरायचं नाही, थंड पाण्यावरसुद्धा नाही. आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून तो दोन पिनांत बसवला असेल, तर आज घरी गेल्यावर पहिलं काम तेच दुरुस्त करायचं. कपडे थंड पाण्यातही निघतात, त्याची घाई नाही. अर्थिंगची आहे.