खेळाडूबरोबर त्याचे साहित्यही पोहोचले पाहिजे

पुणे-मुंबई मार्गावरील देहूरोड हे गाव लष्करी छावणी आणि आयुध निर्माणी यांमुळे सर्वांना परिचित आहे. अलीकडच्या काळात दळणवळणाच्या दृष्टीनेही या गावाचे महत्त्व वाढले आहे. मुंबईकडे जाणारा द्रुतगती मार्ग येथून जवळच असलेल्या किवळ्याहून सुरू होतो. कात्रजकडे जाणारा बाह्यवळण महामार्ग बालेवाडीवरून जातो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा ज्या शिवछत्रपती क्रीडानगरीत भरल्या, ती ही बालेवाडी. एका बाजूस लोहगावचा विमानतळ आहे आणि दुसऱ्या बाजूस डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही प्रवाशांसाठी खुला झाला आहे. साहजिकच या परिसरातील खेळाडू आता दूरच्या स्पर्धांसाठी आगगाडीइतकाच विमानाचाही विचार करू लागले आहेत.

हा बदल स्वस्त विमानसेवांमुळे शक्य झाला. २००३ मध्ये एअर डेक्कनने आपल्या देशात अल्पदराच्या विमानसेवेचा प्रारंभ केला. पुढे २००५ मध्ये स्पाइसजेट व २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या आल्या. भाडे कमी ठेवण्यासाठी या कंपन्या प्रवाशाला केवळ आसन आणि ठरावीक वजनाचे सामान एवढेच देऊ करतात. त्यापलीकडील प्रत्येक सोयीचे वेगळे मूल्य आकारले जाते. सामान्य प्रवाशाला ही व्यवस्था परवडते. सायकल, भाला, बंदूक वा हॉकीचे साहित्य नेणाऱ्या खेळाडूला मात्र तिचे नियम आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

वजन आणि आकार

देशांतर्गत प्रवासात अल्पदराच्या कंपन्या सर्वसाधारणपणे १५ किलो सामान विनामूल्य नेऊ देतात. क्रीडासाहित्य याच वजनात धरले जाते. समजा, देहूरोडच्या एखाद्या मुलीची शर्यतीची सायकल ९ किलोची आहे आणि तिची पेटी ८ किलोची. म्हणजे कपड्यांची पिशवी वजनकाट्यावर ठेवण्यापूर्वीच १५ किलोंची मर्यादा ओलांडली गेली! जादा वजनाचे शुल्क तिकिटाबरोबर आगाऊ भरल्यास कमी पडते. विमानतळावरील खिडकीवर तेच बरेच अधिक पडते.

वजनाइतकाच आकारही महत्त्वाचा आहे. लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपेक्षा अधिक झाल्यास सामान सामान्यतः मोठ्या आकाराचे समजले जाते. सायकलीची पेटी या मर्यादेत बसत नाही. पुरुषांचा भाला सुमारे २६० ते २७० सेंटिमीटर लांबीचा असतो. बांबूउडीचा बांबू तर याहून कितीतरी लांब असतो. लहान पंख्याच्या विमानांत अशा वस्तूंना जागा मिळेलच असे नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी विमानाचा प्रकार विचारून घ्यावा आणि कंपनीची संमती लेखी मिळवावी. बांबू रेल्वेने वा मालमोटारीने आधीच रवाना करणे बहुधा अधिक सोयीचे ठरते.

सुरक्षेचे नियम

क्रिकेटची बॅट, हॉकीची काठी, धनुष्यबाण यांसारख्या वस्तू प्रवासी कक्षात नेता येत नाहीत; त्या सोपविलेल्या सामानातच द्याव्या लागतात. सायकलीच्या चाकात हवा भरण्याच्या वायूच्या लहान नळकांड्या कंपनीच्या अनुमतीवाचून नेऊ नयेत. याउलट सुट्या लिथियम बॅटऱ्या सोपविलेल्या सामानात चालत नाहीत. त्या हातातील पिशवीतच ठेवाव्या लागतात. टायरमधील हवा कमी करण्याची सूचना कंपन्या देतात, ती पाळावी.

नेमबाजांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून ग्रामीण भागातील अनेक मुलांचे लक्ष या खेळाकडे वळले आहे. बंदूक रिकामी असावी, तिची नोंद कंपनीकडे आगाऊ करावी, परवान्याची मूळ कागदपत्रे जवळ ठेवावीत आणि काडतुसे स्वतंत्र बांधावीत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका प्रवाशाला वेष्टनासह ५ किलोंपेक्षा अधिक काडतुसे नेता येत नाहीत. हवेच्या बंदुकीचे नळकांडे रिकामे करून सुटे करावे. या तपासणीस वेळ लागतो. तेव्हा विमानतळावर नेहमीपेक्षा बरेच आधी पोहोचावे.

नुकसानभरपाईची मर्यादा

या सर्वांहून महत्त्वाची, पण फारशी कोणास ठाऊक नसलेली बाब भरपाईची आहे. २०१४ च्या अधिसूचनेनुसार देशांतर्गत प्रवासात सामान हरवल्यास, मोडल्यास वा विलंबाने पोहोचल्यास कंपनीची जबाबदारी दर प्रवाशामागे २० हजार रुपयांपर्यंतच मर्यादित आहे. शर्यतीची चांगली सायकल किंवा रायफल यांची किंमत लाखांच्या घरात जाते. अनेकदा ती कर्ज काढून वा गावाने वर्गणी जमवून घेतलेली असते. ती मोडली तर उरलेला सर्व भार त्या कुटुंबावरच पडतो. परदेशप्रवासात ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे रुपयांत दीड लाखाहून काहीशी अधिक आहे.

यावर कायद्यातच एक उपाय आहे. सामान सोपविताना त्याचे अधिक मूल्य लेखी जाहीर करून कंपनी मागेल ती जादा रक्कम भरल्यास भरपाईची मर्यादा त्या मूल्यापर्यंत वाढते. हे शक्य नसल्यास साहित्याचा स्वतंत्र विमा उतरवावा. सामानाच्या अंगभूत दोषामुळे झालेल्या हानीस कंपनी जबाबदार नसते आणि सदोष बांधणीचे कारणही पुढे केले जाते. म्हणून बांधणी भक्कम असावी. सायकलीचे पायटे काढावेत (डावा पायटा उलट दिशेने सुटतो, हे ध्यानात ठेवावे), हँडल वळवून घ्यावे व नाजूक भागांना गुंडाळावे. पेटी बंद करण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. पावती जपून ठेवावी.

पोहोचल्यावर पेटी विमानतळावरच उघडून पाहावी. मोडतोड दिसल्यास तेथेच कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून लेखी अहवाल घ्यावा, त्यास पी.आय.आर. म्हणतात. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत व विलंबाची २१ दिवसांत करावी लागते. ही मुदत टळल्यास हक्क बहुधा बुडतो. कंपनीकडून समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या व्यवस्थेकडे आणि त्यानंतर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

संस्थांचे कर्तव्य

१९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा प्रवासखर्चासाठी पैसे उभे करावे लागले होते. मल्लाला साहित्याचे ओझे नव्हते. आजच्या सायकलपटूला अथवा नेमबाजाला ते आहे. तेव्हा शाळा, क्रीडामंडळे आणि ग्रामपंचायती यांनी खेळाडूस साह्य मंजूर करताना केवळ तिकिटाचा आकडा धरू नये. जादा सामानाचे शुल्क आणि विम्याचा हप्ता या रकमाही त्यात धराव्यात. संघाबरोबर जाणाऱ्या शिक्षकाकडे साहित्याची यादी, पावत्या व छायाचित्रे असावीत. या तयारीला फार खर्च नाही. ती नसेल तर वर्षभराचा सराव करून स्पर्धेच्या गावी पोहोचलेल्या खेळाडूवर मोडकी सायकल घेऊन मैदानाबाहेर उभे राहण्याची पाळी येऊ शकते. ती येऊ न देणे आपल्या हाती आहे.