मोहिमेची वही कोणाच्या हाती?

वैशाखऱ्याच्या डोक्यावर नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने जुन्नरास चढत असे. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. जवळच मोठा दगडी रांजण आहे, आणि जकातीचे नाणे त्यात टाकीत असत असे लोक सांगतात. इतके पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच घाटात खडकावर ओळीने कोरलेले लहान लहान खळगेही आहेत आणि ते खेळाचे पट होत, हे अभ्यासकांनी अलीकडच्या वर्षांत नोंदले आहे. ओझे उतरवून टेकलेले वाटसरू तेथे खडे-बिया टाकून डाव मांडीत असले पाहिजेत. हिशेब, जकात आणि खेळ अशा तीन गोष्टी एकाच घाटात सापडाव्यात, हे आम्हांला मोठे अर्थपूर्ण वाटते. आजचा विषय अगदी नवा, संगणकाच्या पडद्यावरचा असला, तरी त्यात याच तीन गोष्टी आहेत.

प्रथम खेळ कोणता ते सांगू. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम; आपण त्याला सोंगांचा खेळ म्हणू. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो प्रसंग सांगतो, बाकीच्या जगाच्या वतीने बोलतो आणि नियम सांभाळतो. तिकडे त्यास गेम मास्टर म्हणतात. आपल्या नाटकाने त्यासाठी ‘सूत्रधार’ हा शब्द केव्हाच करून ठेवला आहे. समजा, गोष्ट नाणेघाटातलीच आहे. सूत्रधार म्हणतो, “बंदरावरून निघालेला बैलांचा तांडा घाटाच्या पायथ्याशी पोहोचला. दिवस मावळला आहे. वर कोणी तरी मशाल हालवीत आहे. आता काय करता?” एकीने तांड्याच्या मालकिणीचे पात्र घेतले आहे, ती म्हणते, “मुक्काम करू.” दुसरा वाटाड्या झाला आहे, तो म्हणतो, “मी गुपचूप वर जाऊन पाहून येतो.” त्याला ते साधले की नाही, हे सूत्रधाराच्या मर्जीवर नसते. वीस बाजूंचा फासा टाकावयाचा, त्यात वाटाड्याच्या चपळाईचे दोन-तीन गुण मिळवावयाचे. बेरीज ठरलेल्या आकड्याला पोहोचली तर तो वर गेला, न पोहोचली तर पायाखालचा दगड सुटला! पुढची गोष्ट कोणीही आधी लिहिलेली नसते. येथे एकाने हरावे आणि दुसऱ्याने जिंकावे असेही नसते. एका बैठकीत न संपता ही गोष्ट महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. तिलाच मोहीम म्हणतात.

सोंग घेणे आपल्या लोकांना नवे नाही. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाड्यात देव-दानवांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर सोंगे नाचतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराकडे, हा मानही पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. फरक इतकाच की बोहाड्यात कथा ठरलेली असते. या खेळात ती फाशागणिक वळते. या खेळाचा आद्य ग्रंथ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तेव्हा लागणारे साहित्य म्हणजे नियमांच्या पुस्तिका, फासे, कागद आणि पेन्सिल, एवढेच.

मग यंत्राची गरज का पडली? कारण मोहीम लांबली की हिशेब वाढतो. कोणाला किती जखमा झाल्या, कोणाच्या झोळीत काय आहे, तिसऱ्या बैठकीत भेटलेल्या जकातदाराचे नाव काय होते, त्याला दिलेले वचन पाळले की मोडले, हे सर्व लिहून ठेवावे लागते. दुसरे कारण पोटाचे. कॉलेजात एका बाकावर बसणारे पाच मित्र पुढे एक मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर, एक पुण्यास, एक दुबईला असे पांगतात. त्यांना एका टेबलाभोवती बसवावयाचे तर टेबलच पडद्यावर न्यावे लागते. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा तर शेजारच्या आळीतल्या मित्रांनाही हाच मार्ग उरला. श्रोत्यांपैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी रविवारी रात्री कानाला यंत्र लावून तीन-तीन तास बोलत असेल, मधूनच “दरवाजा तोडा!” म्हणून ओरडत असेल, तर घाबरून जाऊ नये. ती बहुधा मोहिमेवर असेल.

ही साधने कोणती कामे करतात ते आता पाहू.

पहिले काम पात्राच्या कागदाचे. ‘डी अँड डी बियाँड’ हे साधन २०१७ साली सुरू झाले. पात्राचे बळ, कसब, शस्त्रे, मंत्र यांची बेरीज-वजाबाकी ते स्वतः करते आणि नियम हवा तेथे समोर आणून ठेवते. नवशिक्याला याचा मोठा आधार होतो.

दुसरे काम पटाचे. ‘फँटसी ग्राउंड्स’ २००४ पासून आहे, ‘रोल ट्वेंटी’ २०१२ पासून आणि ‘फाउंड्री’ २०२० पासून. यांत सूत्रधार घाटाचा नकाशा पडद्यावर मांडतो. प्रत्येकाची सोंगटी प्रत्येक जण आपल्या घरून सरकवितो. नकाशावर काळोख पांघरता येतो. मशाल ज्याच्या हातात आहे त्याला दहा पावले दिसतात, मागच्याला काहीच दिसत नाही. टेबलावरच्या कागदी नकाशावर ही किमया साधणे फार कठीण; या एका बाबतीत यंत्राने खेळात खरी भर घातली आहे.

तिसरे काम फाशाचे. यंत्र आकडा काढते आणि तो सर्वांच्या पडद्यावर एकाच वेळी उमटतो. त्यामुळे लांब बसलेल्याने खरेच वीस टाकले का, हा संशय राहत नाही. हाताने फासा खुळखुळविण्याची मजा मात्र जाते, आणि म्हणून पुष्कळ जण पडद्यासमोर बसूनही खरा फासाच टाकतात.

चौथे काम आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते मोहिमेच्या वहीचे. मागील बैठकीत काय घडले, पुढे काय घडू शकेल, याची सूत्रधाराची टिपणे म्हणजे या खेळाचे दप्तर. काही जण ती पटाच्या साधनातच लिहितात. काही ‘ऑब्सिडियन’सारखे टिपणवहीचे साधन वापरतात. या दुसऱ्या साधनात टिपणे साध्या मजकुराच्या फायलींच्या रूपाने आपल्याच संगणकावर राहतात. साधन उद्या बंद पडले तरी फाइल उघडता येते. ही वरवर क्षुल्लक दिसणारी गोष्ट क्षुल्लक नाही.

येथे आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. आमची हयात कामगारांत गेली. कारखान्यात हजेरीचे बुक मालकाच्या कपाटात असते. एका कारखान्यात ग्रॅच्युइटीचे दावे लावण्याची वेळ आली, आणि वर्षाचे २४० दिवस भरल्याचा पुरावा ज्या बुकांत होता ती बुकेच सापडेनात. एका कामगाराने मात्र खिशातल्या डायरीत रोजची पाळी आणि जोडीला कोण होते ते वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते. त्या डायरीवरून बाकीच्यांचेही दिवस जुळविता आले. तेव्हापासून प्रत्येक सभेत आम्ही एक वाक्य सांगत आलो आहोत: काम तुमचे, तर त्याची नोंदही तुमच्याजवळ असली पाहिजे. पडद्यावरच्या खेळाचा इतिहास आम्ही वाचला तो याच दृष्टीने, आणि तेथेही तोच झगडा आढळला.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मूळ कंपनी १९९७ साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने घेतली आणि १९९९ साली विझार्ड्सला ‘हॅस्ब्रो’ या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने घेतले. २००० साली विझार्ड्सने एक खुला परवाना काढला: खेळाचे मूळ नियम वापरून कोणीही आपल्या कथा, पुस्तके, साधने करावीत आणि विकावीत. त्या भरवशावर वीस-बावीस वर्षांत शेकडो लहान लेखक आणि छापणारे उभे राहिले. २०२२ साली हॅस्ब्रोने डी अँड डी बियाँड हे साधन १४ कोटी ६३ लाख डॉलरना विकत घेतले. म्हणजे नियमही तिचे आणि खेळाडूंच्या वह्याही तिच्याच कपाटात!

२०२३ च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना रद्द समजावा, ठरावीक रकमेवर कमाई करणाऱ्याने हिशेब कळवावा आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री गेली तर वरच्या रकमेवर हिस्सा द्यावा, असा त्याचा आशय होता. घाटात जकातीचा रांजण मांडला गेला म्हणावयाचे! पण खेळाडूंनी काय केले पाहा. त्यांनी डी अँड डी बियाँडची वर्गणी मोठ्या संख्येने बंद केली. कंपनीने मते मागविली तेव्हा १५,००० हून अधिक लोकांनी उत्तरे पाठविली आणि बहुतेक सर्व विरोधात गेली. २७ जानेवारी रोजी कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवला; शिवाय मूळ नियमांचा मोठा भाग ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखाली खुला केला, आणि तो परवाना देणाऱ्यालाही परत घेता येत नाही. वर्गणी थांबविणे हे ग्राहकाचे काम बंद आंदोलनच होय. जे लोक एरवी एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत, त्यांनी ते महिन्याच्या आत यशस्वी केले, याचे आम्हांला कौतुक वाटते.

तरी प्रश्न मिटला नाही. २०२४ च्या ऑगस्टात नवे नियमपुस्तक येणार म्हणून खेळाडूंच्या चालू पात्रांच्या कागदांवरील जुने मंत्र काढून तेथे नवे घालण्याचे जाहीर झाले. भर मोहिमेत वाटाड्याच्या झोळीतली वस्तू परस्पर बदलावी, तसेच हे. पुन्हा ओरड झाली आणि काही दिवसांत तोही बेत मागे घेतला गेला. ओरड केली म्हणून वही वाचली. पण परक्या कपाटातली वही दर वेळी ओरडून किती दिवस वाचविणार?

या साधनांमागच्या कष्टकऱ्यांनाही विसरून चालणार नाही. नकाशे काढणारे, नियम लिहिणारे, यंत्राचे काम करणारे हे सर्व नोकरदारच. २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ‘पायझो’ या कंपनीच्या कामगारांनी ‘युनायटेड पायझो वर्कर्स’ ही संघटना बांधली. कामापुरते पैसे घेऊन लिहिणाऱ्या बाहेरच्या लेखकांनीही त्यांच्यासाठी लेखणी खाली ठेवली, आणि त्याच महिन्यात कंपनीने संघटनेस मान्यता दिली. सोंगांच्या खेळाच्या धंद्यातली ही पहिली कामगार संघटना म्हणून ओळखली जाते. उलट बाजूही आहे. २०२३ च्या डिसेंबरात हॅस्ब्रोने ११०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. २०२५ च्या फेब्रुवारीत तिने ‘सिजिल’ हे त्रिमिती पटाचे झगझगीत साधन बाहेर काढले आणि पुढच्याच महिन्यात ते तयार करणाऱ्यांपैकी बहुतेकांना घरी पाठविले. अशा साधनावर ज्याने आपली मोहीम मांडली असेल, त्याने उद्या कोणाकडे पाहावे?

याचा अर्थ साधने टाकून द्यावीत असा मुळीच नाही. दुबईचा मित्र त्यांच्यामुळेच टेबलाशी बसतो. पण नव्याने मोहीम काढणाऱ्यांनी पहिल्या बैठकीत, पात्रे घेण्याच्याही आधी, तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत.

एक: वही बाहेर काढता येते का? पात्रांचे कागद आणि टिपणे साध्या फायलीत उतरवून घेता आली पाहिजेत, आणि महिन्यातून एकदा कोणी तरी ती उतरवून ठेवलीच पाहिजेत.

दोन: जकात किती आणि किती दिवस? महिन्याच्या वर्गणीची साधने चालू ठेवावयाची तर दर महिन्यास पैसे लागतात. फाउंड्रीसारख्या साधनाचे पैसे सूत्रधाराने एकदाच भरावयाचे असतात, बाकीचे त्याच्या पटावर फुकट बसतात, आणि पट आपल्याच संगणकावर ठेवता येतो. पाच जणांनी मिळून पैसे काढले तर कोणावरच भार पडत नाही. पैसे नसतील तर बोलण्यासाठी साधा व्हिडिओ कॉल, टिपणांसाठी एक सामाईक फाइल आणि घरातले फासे, इतक्यावर मोहीम उत्तम चालते.

तीन: रेंज गेली तर खेळ चालेल का? घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा अधिक जवळचा. एका कागदावर आपल्या पात्राचे नाव, बळ आणि झोळी लिहून ठेवली असेल, आणि जुन्या सूत्रधाराला मागच्या बैठकीची गोष्ट तोंडी सांगता येत असेल, तर चालेल. ज्या मंडळींना इतके जमते, त्यांनी कोणतेही साधन खुशाल वापरावे. ती मंडळी साधनाची नोकर होणार नाहीत.