बोटीच्या स्टीलवरचे ओरखडे घरच्या घरी निघतात, फक्त तारेची घासणी लांब ठेवा

मालवण (प्रतिनिधी) : १ जूनपासून मासेमारी बंद झाली की बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि डागडुजीची कामं निघतात. त्यात एक काम नेहमी शेवटी राहतं, ते म्हणजे स्टीलचे कठडे आणि दोर बांधायच्या खुंट्या यांच्यावरचे ओरखडे. नांगराची साखळी घासते, दोराला चिकटलेली वाळू घासते, कधी शेजारची बोट येऊन लागते. मग कुणीतरी हाताला येईल ते घेऊन घासायला बसतो.

मीही तसाच बसलो होतो. माझं काम शेतीचं, पण चुलतभावाची फायबरची बोट आहे. एका वर्षी मदतीला गेलो आणि लोखंडी तारेच्या ब्रशने कठडा घासून दिला. चकचकीत दिसला. आठवड्याभरात सगळीकडे तपकिरी ठिपके! "स्टीलाक गंज धरलो मरे," म्हणून भाऊ अजून चिडवतो.

खरं तर तो गंज स्टीलचा नव्हता, माझ्या ब्रशचा होता. स्टेनलेस स्टीलला वरून कसला मुलामा नसतो. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संबंध आला की डोळ्याला न दिसणारा पातळ थर तयार होतो, तोच गंज अडवतो. ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा धरतो. पण लोखंडाचे कण त्या ओरखड्यात रुतून बसले की ते गंजतात आणि खालच्या स्टीललाही खड्डे पाडायला सुरुवात होते. म्हणून तारेची घासणी नको, आणि आधी लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकतीही नको. संडास साफ करायचं ॲसिड तर अजिबात नको, ते हा थरच खातं.

आता काम कसं करायचं. आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ धुऊन काढा, नाहीतर वाळूचे कण नवे ओरखडे पाडतील. आजूबाजूच्या फायबरला चिकटपट्टी लावा. मग ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर स्टीलची पॉलिश पेस्ट आणि मऊ कापड पुरे. अडकलं तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घ्या, ४०० नंबर, मग ६००, ८००, १२००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. मधला नंबर गाळलात तर पॉलिश केल्यावर त्या रेघा उन्हात हमखास दिसतात. चकाकी नसलेलं, रेघांचं फिनिश असेल तर मात्र फक्त त्या रेघांच्या दिशेनेच घासायचं, पॉलिश करायचं नाही.

तपकिरी डाग आधीच पडले असतील तर लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, विरघळवा. त्यात कापड भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला. पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकं मीठ कमी बसतं, त्यामुळे हे काम नुसतं दिसण्यापुरतं नाही.

एक गोष्ट मात्र घासण्याआधी बघा. रेघ वेल्डिंगच्या शेजारी किंवा दांड्याच्या बुडाशी असेल आणि धुऊनही त्याच जागी तपकिरी पाणी पाझरत असेल, तर तो ओरखडा नसून तडा असू शकतो. वरून पॉलिश केलं की तडा झाकला जातो आणि त्याच कठड्याला धरून माणसं बोटीत चढतात. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तडा शोधायचे स्प्रे मिळतात. लाल रंग मारून पुसायचा, वरून पांढरा मारायचा, तडा असेल तर लाल रेघ वर येते. तशी रेघ आली तर पेपर बाजूला ठेवा आणि वेल्डरला बोलवा.