पडणं अडवणारी छत्री वर का चढते?

मालवण-तारकर्लीच्या समुद्रावर पॅरासेलिंगची रंगीत छत्री बोटीमागून वर चढते, तेव्हा ती आपल्या नावाच्या नेमकं उलट वागत असते. नावातला ‘पॅरा’ आला आहे फ्रेंच ‘पॅराशूट’मधून. त्यात ‘पॅरा’ म्हणजे अडवणं आणि ‘शूट’ म्हणजे पडणं. लुई-सेबास्तियाँ लनॉर्मां यांनी हा शब्द घडवला. डिसेंबर १७८३ मध्ये ते माँपेलिए इथल्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून छत्रीच्या आधाराने खाली उतरले. आग लागलेल्या इमारतीतून माणसांना सुटता यावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

१७९७ मध्ये आंद्रे-जाक गार्नरँ पॅरिसवर बलूनमधून अशाच छत्रीने उतरले, पण वाटेत त्यांची टोपली भयंकर हेलकावली. छत्रीत कोंडलेली हवा कधी या काठाने, कधी त्या काठाने निसटत होती. पुढे छत्रीच्या माथ्याला भोक ठेवलं गेलं आणि हेलकावे कमी झाले. हवा कुठून बाहेर सोडायची, हा प्रश्न तेव्हापासूनच महत्त्वाचा ठरला.

१९६१ च्या सुमारास पिएर-मार्सेल लमॉन्य या फ्रेंच अभियंत्याने त्याचं पुढचं उत्तर शोधलं. त्याने छत्रीच्या कापडात फटी ठेवल्या. त्यांतून हवा मागे फेकली जाते आणि छत्रीला पुढचा रेटा मिळतो. दोराने ओढलं की अशी छत्री नुसती अडून राहत नाही, वर चढते.

उचलण्याचं काम मात्र वारा करतो. बोट आणि दोर त्याचा वेग वाढवतात. दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. बोट त्यांच्या तोंडावर धरली, तर दोन्ही वेगांची बेरीज होते. बोट ताशी २१ किलोमीटर आणि वारा १५ असला, तर छत्रीला ३६ चा वारा लागतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दीड किलो वजनाइतका असतो, तर ३६ ला तो सहा किलोंवर जातो. वेग दुप्पट, दाब चौपट!

उंची दोराच्या कोनावर ठरते. शंभर मीटर दोर पाण्याशी ३० अंशांत असेल तर छत्री ५० मीटरवर, आणि ४५ अंशांत असेल तर सुमारे ७० मीटरवर.

धोकाही या वर्गाच्या गणितातच आहे. झोताने छत्रीला लागणारा वेग दीडपट झाला, तर दोरावरचा ताण सव्वादोनपट होतो. बोट मंदावून त्यातला काही भार उतरवता येतो. पण वाराच फार झाला, तर बोट थांबवूनही छत्री उतरत नाही. म्हणून बोटवाला ‘आज वारो बरो नाय’ म्हणाला, की त्याच्याशी हुज्जत घालू नये.