आधी थांबते का, ते पाहा

माझी थोरली मुलगी गावाबाहेरच्या एका शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोजचा पन्नास किलोमीटरचा प्रवास. मागच्या पावसाळ्यात ती म्हणाली, "अब्बा, नवी गाडी परवडायची नाही. जुनी घेऊ या. बघायला तुम्ही चला." मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. यंत्रातलं मला काय कळणार, असं म्हणून मी हात वर करायला हवे होते. पण जुन्या गाडीच्या बाबतीत मी एकदा फसलो आहे, आणि तो धडा फार महागात पडता पडता राहिला.

ही 2006 सालची गोष्ट. आमच्या सांगलीत 2005 साली कृष्णेचा मोठा पूर येऊन गेला होता. पुढच्या वर्षी मला एक छोटी चारचाकी स्वस्तात मिळाली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. रंग आरशासारखा, सीट-कव्हर नवं कोरं. मुशायऱ्यात गळा गोड असला की कमकुवत गझलही दाद घेऊन जाते. नवा रंग हा जुन्या गाडीचा तरन्नुम असतो. मी दाद दिली आणि पैसेही दिले.

महिन्याभराने आम्ही रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरताना मी सारखा ब्रेक दाबत होतो. एका वळणाआधी पाय टेकला, तर पेडल थेट तळाला गेलं. मागे बायको आणि आठ वर्षांची ही मुलगी. मी गिअर खाली आणले, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस मुलगी गाडीत बसायला तयार नव्हती.

गाडी ओढून आणल्यावर आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी सगळं उलगडून सांगितलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. वर्षानुवर्षं ते बदललं नाही की त्यात पाण्याचा अंश वाढतो. घाटात ब्रेक तापले की ते लवकर उकळतं, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण जोर पुढे चाकापर्यंत पोचवत नाही. म्हणून पेडल तळाला जातं. साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावं, असं सांगतात. माझ्या गाडीचं कधी बदललं होतं, हे मी विचारलंच नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "सर, तुम्ही विचारलं, गाडी किती पळते? आधी विचारायचं, थांबते का?"

जुन्या गाडीबद्दलचं माझं सगळं शहाणपण या एका प्रश्नात आहे. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

गाडी बघायला सकाळी जावं आणि आपण येईपर्यंत चालू करू नका, असं आधीच सांगावं. गेल्यावर बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल, तर थंड इंजिनाची खोड आपल्यापासून लपवली जातेय, असं समजावं. इंजिन चालू करताना एकाने मागे उभं राहून धूर बघावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसते, तिचं काही नाही. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरत असण्याची शक्यता असते. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं, तरी तोच संशय घ्यावा.

मग ब्रेक. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावं. ते हळूहळू खाली जाऊ लागलं, तर दुरुस्ती होऊन पुन्हा तपासणी झाल्याशिवाय ट्रायलसुद्धा घेऊ नये. ते ठीक असेल तर मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक लावून बघावा. गाडी एका बाजूला ओढते का? चढावर हँडब्रेक धरतो का?

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात. स्टेपनीचेही आकडे वाचावेत.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. मीटर तीस हजार दाखवतंय आणि पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, तर रबर खरं बोलतंय. बॉनेटच्या नट-बोल्टवर पान्याच्या खुणा असतील, दोन दारांच्या फटी कमी-जास्त असतील, तर मोठा अपघात झाला होता का, हे स्पष्ट विचारावं.

गाडीचं वर्षही महत्त्वाचं. 2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक-चाचणी घेतली. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून. त्याआधीच्या गाडीत त्या असतीलच असं नाही. एअरबॅग असेल, तर किल्ली फिरवताच तिचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, तर कुणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघावा. बँकेचा बोजा उतरलाय का, विमा चालू आहे का, हे पाहावं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. विकणाऱ्यानेही नाव बदलून घेण्याचा आग्रह धरावा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं आहे.

आणि शेवटी आपल्या मिस्त्रीला सोबत न्यावं. गाडी उचलून खालून बघण्याची त्याची मजुरी वाचवू नये. विकणारा "कशाला, माझ्यावर भरवसा नाही का?" म्हणाला, तर हसावं आणि तिथून निघावं.

परवा आम्ही तिघं एक गाडी बघायला गेलो. मी, मुलगी आणि आता म्हातारे झालेले तेच मिस्त्री. रंग झकास, इंजिनाचा आवाज गोड. मला तर ती आवडलीच होती. मुलगी मात्र आत बसली आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा भाग स्वच्छ होता. एरवी आत गुंडाळून राहतो त्या भागावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. मिस्त्रींनी डिकीतली स्टेपनी उचलली. खालच्या खड्ड्यात बारीक गाळ बसला होता. सीटखालच्या पट्ट्याही गंजलेल्या. 2019 च्या पुरात ही गाडी पाण्यात उभी होती, हे मालकाने मग कबूल केलं. पुराचं पाणी वायरींच्या जोडांत शिरलं की आतून गंज चढत राहतो. गाडी आज चालते आणि चार महिन्यांनी भर रस्त्यात बंद पडते.

मालकाने किंमत पंचवीस हजारांनी उतरवली. मी मुलीकडे पाहिलं. तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "काका, आमचा घाट एकदा उतरून झालाय."

तिला तो दिवस आठवत असेल, असं मला वाटलं नव्हतं. गाडी अजून मिळालेली नाही. शोध चालू आहे. तोवर ती एसटीने जाते.