डक्ट टेपचा ड्रेस: चिकटपट्टीतून कापड तयार होतं तरी कसं?

मे-जून महिन्यात इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर असे व्हिडिओ हमखास दिसतात. अमेरिकेतली एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी घेरदार गाऊन घालून गोल फिरते, आणि खाली लिहिलेलं असतं की हा पूर्ण ड्रेस डक्ट टेपचा आहे. फुलं टेपची, लेस टेपची, पर्ससुद्धा टेपची. कमेंटमध्ये अर्धे लोक म्हणतात "फेक आहे", उरलेले विचारतात "अंगाला चिकटत नाही का?"

फेक नाही आणि चिकटतही नाही. पण हे नेमकं कसं करतात, आणि एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. यात थोडं रसायनशास्त्र आहे, बरीच भूमिती आहे आणि एका कंपनीचं चलाख मार्केटिंगही आहे.

आधी प्रॉम म्हणजे काय ते

अमेरिका आणि कॅनडामध्ये हायस्कूल संपता संपता शाळेतर्फे एक औपचारिक नाचाची पार्टी असते, तिला प्रॉम म्हणतात. आपल्याकडच्या कॉलेजच्या फेअरवेलला साड्या आणि ब्लेझर घालून येतात ना, त्याची मोठी आणि बरीच महागडी आवृत्ती. मुली गाऊन घालतात, मुलं टक्सिडो म्हणजे काळा औपचारिक सूट. एका रात्रीसाठी भरपूर पैसे जातात, म्हणून स्वतः कपडे शिवण्याची हौस तिथे जुनीच आहे.

डक टेप नावाच्या ब्रँडने २००१ मध्ये याच हौशीवर एक स्पर्धा काढली: 'स्टक ॲट प्रॉम'. हा ब्रँड आता शुरटेप टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे आहे. अट अशी की प्रॉमचा पोशाख टेपपासून बनवायचा. सुरुवातीला जोडीने भाग घ्यावा लागायचा. आता ड्रेस आणि टक्सिडो असे वेगळे गट आहेत आणि २०२० मध्ये प्रत्येक गटातल्या विजेत्याला शिक्षणासाठी १० हजार डॉलर मिळत होते. भाग घेता येतो तो फक्त अमेरिका आणि कॅनडातल्या रहिवाशांना. म्हणजे न्यू जर्सीत राहणारी तुमची मावसबहीण फॉर्म भरू शकते, तुम्ही पुण्यातून नाही.

ही टेप आपली नेहमीची नाही

घरात आपण सगळ्यालाच "टेप" किंवा "चिकटपट्टी" म्हणतो, म्हणून इथे फरक सांगायला हवा. पार्सलची ब्राऊन टेप म्हणजे नुसता प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, तो उभा फाटत जातो आणि टोक सापडत नाही. वायरमनची काळी इन्सुलेशन टेप ताणली जाते. डक्ट टेप तीन थरांची असते. वर पॉलिथिन, मध्ये सुती किंवा पॉलिएस्टर धाग्यांची विरळ जाळी, खाली रबरावर आधारित गोंद. पॉलिथिन पाणी अडवतं, जाळी ताकद देते. जाळीमुळेच ही टेप हाताने आडवी, सरळ रेषेत फाडता येते आणि ओढली तर मात्र तुटत नाही.

तिचा जन्म युद्धातला आहे. १९४३ मध्ये व्हेस्टा स्टाउट ही बाई इलिनॉय राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करत होती. काडतुसांची खोकी कागदी टेपने बंद करून वर मेणाचा थर दिलेला असायचा. उघडायला टेपचं एक टोक बाहेर ठेवत, पण कागदी असल्यामुळे ते हातात तुटून यायचं. समोर शत्रू आणि हातात न उघडणारं खोकं, अशी वेळ सैनिकांवर येऊ शकत होती. तिचे स्वतःचे दोन मुलगे नौदलात होते. कापडी टेप वापरा, असं तिने कारखान्यात सुचवलं. तिथे हललं नाही म्हणून तिने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, आकृती काढून. पत्र पुढे युद्धसामग्रीच्या खात्याकडे गेलं आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने तशी टेप बनवायला घेतली. (आज सोशल मीडियावर मंत्र्यांना टॅग करणाऱ्यांनी हे पत्र मुद्दाम शोधून बघावं. तक्रार कशी लिहावी याचा नमुना आहे.)

पुढे १९७० मध्ये अपोलो १३ यानात बिघाड झाला, तेव्हा चौकोनी डबा गोल भोकाला जोडून कार्बन डायऑक्साइड गाळायचा जुगाड अंतराळवीरांनी याच टेपने केला, सोबत प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि स्पेससूटचा पाइप. गंमत म्हणजे ज्या डक्टचं नाव तिला चिकटलं, तिथेच ती टिकत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एसीच्या हवेच्या नळ्यांसाठी वेगवेगळी सीलं तपासली, तेव्हा उष्णतेत सर्वांत वाईट कामगिरी डक्ट टेपची निघाली. हा मुद्दा लक्षात ठेवा, ड्रेसला नडतो.

टेपचं कापड

टेपवर टेप चिकटवून आधी तागा तयार करावा लागतो. पट्ट्या टेबलावर चिकट बाजू वर करून मांडायच्या, प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर थोडी चढवायची. मग त्यावर दुसरा थर चिकट बाजू खाली करून द्यायचा, पण अर्ध्या पट्टीने सरकवून, विटांची भिंत रचतात तसा. म्हणजे वरचा सांधा आणि खालचा सांधा एका रेषेत येत नाही. दोन्ही गोंद एकमेकांना भिडले की बाहेर फक्त गुळगुळीत पॉलिथिन राहतं. म्हणून ड्रेस अंगाला चिकटत नाही.

हा गोंद फेव्हिकॉलसारखा वाळत नाही. तो कायम ओलसर-चिवट असतो आणि दाब दिला की पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये पसरतो. म्हणून पट्टी ठेवून चालत नाही, बोटाने किंवा लाटण्याने घासून दाबावी लागते. आणि कायम चिवट असल्यामुळेच उन्हात तो मऊ होतो. तापलेल्या गाडीत ठेवलेल्या गाऊनचे वजनदार भाग स्वतःच्या भाराने हळूहळू घसरू शकतात. वर म्हटलेला उष्णतेचा मुद्दा तो हाच.

मला या सगळ्यात सर्वांत भारी वाटतं ते पुढचं: सपाट टेपमधून गोल शरीर कसं झाकायचं?

एक हातरुमाल घ्या. उभा ओढा, आडवा ओढा, फारसा ताणला जाणार नाही. आता समोरासमोरची दोन टोकं धरून तिरका ओढा, लगेच लांबतो. विणलेल्या कापडात धागे एकमेकांवर सरकतात, चौकोनाचा पतंगासारखा आकार होतो, आणि या सरकण्यामुळेच कापड खांद्यावर आणि कमरेवर नीट बसतं. टेपच्या कापडात ती सोय नाही. जाळीचे धागे प्लास्टिक आणि गोंदात गच्च अडकलेले आहेत. ते कागदासारखं वागतं, आणि कागद चेंडूवर गुंडाळला की सुरकुत्या पडतात. यावर कितीही हुशारी केली तरी इलाज नाही, कारण तो गणिताचाच नियम आहे. गोलाकार पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, ते यामुळेच. खरं तर आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. नकाशावाल्यांनी ताणायचा मार्ग घेतला. टेपवाल्यांना ताणता येत नाही, म्हणून ते कापतात.

कुठे कापायचं हे आपल्या गल्लीतल्या टेलरला तोंडपाठ असतं. ब्लाउजला टक्स घालतात, म्हणजे कापडातून एक पाचर कमी करतात आणि सपाट तुकड्याला फुगवटा येतो. कटोरी ब्लाउज किंवा प्रिन्सेस कट म्हणजे तेच काम वेगळ्या ठिकाणी सांधा देऊन केलेलं. परकराच्या कळ्या वर अरुंद, खाली रुंद असतात, म्हणून घेर मिळतो. टेपचा गाऊन जवळपास सगळा कळ्यांचा असतो, आणि कळ्या जितक्या जास्त तितका तो अंगावर नीट बसतो.

गेमिंग करणाऱ्यांनी हे आधीच पाहिलं आहे, फक्त उलट्या बाजूने. गेममधल्या कॅरेक्टरची 'स्किन' ही मुळात एक सपाट चित्राची फाइल असते. थ्रीडी मॉडेलवर ठरावीक ठिकाणी काप मारून त्याची त्वचा संत्र्याच्या सालीसारखी उलगडून ठेवतात, तिच्यावर रंगवतात आणि परत गुंडाळतात. याला यूव्ही अनरॅपिंग म्हणतात. ब्लेंडर हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून तुम्ही ते करून बघू शकता.

टेपवाल्यांची पद्धत जास्त थेट असते. जुना टी-शर्ट घालायचा, मैत्रिणीकडून त्यावर टेपच्या पट्ट्या लावून घ्यायच्या, मग पाठीमागून टी-शर्टसकट कापून ते कवच काढायचं आणि आत चिंध्या भरायच्या. झाला तुमच्या मापाचा पुतळा. कवचावर हव्या त्या ठिकाणी रेषा मारून कापलं तर तुकडे सपाट होतात, तेच कटिंगचे नमुने. हे एकट्याने करू नका, छातीवर घट्ट गुंडाळू नका, गळ्याला टेप लावू नका, आणि कात्री बोथट टोकाची घ्या.

घालून नाचायचं म्हणजे...

थोडा हिशोब करू. टेपची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एका चौरस मीटरला अंदाजे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. दुहेरी थराची नेहमीच्या मापाची साडी बनवली तर ती अडीच-तीन किलोंची होईल. साधी सुती साडी अर्ध्या किलोच्या आसपास असते. शिवाय पॉलिथिनमधून घामाची वाफ बाहेर जात नाही, म्हणून आतून सुती कपडा हवाच. गुडघ्याशी आणि कमरेशी घडी पडून पांढरी रेघ उमटते, त्यामुळे बसणं हीच एक कसरत. कापड ताणत नाही म्हटल्यावर डोक्यातून घालणंही शक्य नाही, पाठीला चेन, वेल्क्रो किंवा नाड्या लागतात.

आणि आता पैशाचं

२०२० मध्ये कोरोनामुळे बहुतेक प्रॉम रद्द झाले. त्या वर्षी इलिनॉयमधल्या एका मुलीचा कोविडवरचा ड्रेस जगभर गाजला. बातम्यांप्रमाणे ४१ रोल आणि जवळपास ४०० तास. १८ मीटरचे रोल धरले तर ४१ रोलमध्ये सुमारे ३५ चौरस मीटर टेप होते, म्हणजे साडेपाच साड्यांएवढी. ४०० तास म्हणजे रोज आठ तास धरले तर ५० दिवस. रोल ५ डॉलरचा धरला तर दोनशे डॉलर फक्त टेपचे.

त्या वेळचं १० हजार डॉलरचं बक्षीस जिंकलं तर ताशी २५ डॉलर पडले. अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर आहे, त्यामानाने उत्तमच. हरलात तर मोठ्या बक्षिसातलं काही नाही, आणि जिंकतात गटात एकच. तिथल्या सरकारी विद्यापीठात स्वतःच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला फक्त फी वर्षाला सरासरी ११ हजार डॉलरच्या पुढे आहे, म्हणजे १० हजार डॉलरच्या बक्षिसात एक वर्षाची फीसुद्धा पूर्ण भरत नाही.

कंपनीच्या बाजूने बघा. निकषांमध्ये सफाई, कल्पकता, रंगांचा वापर यांच्याबरोबर किती टेप वापरली हेही मोजलं जात आलं आहे. अंतिम फेरीतल्या पोशाखांसाठी लोक मतदान करतात, म्हणजे स्पर्धकाचे सगळे नातेवाईक आणि अख्खी शाळा कंपनीची लिंक शेअर करणार. मुख्य बक्षिसांच्या रकमेत दरवर्षी जगभर बातम्या आणि हजारो रील्स. एखादी टीव्ही जाहिरात यापेक्षा महाग पडते. सोशल मीडियावर "युजरने बनवलेला कंटेंट" म्हणतात तो धंदा या लोकांनी इन्स्टाग्राम जन्मायच्या नऊ वर्षं आधी सुरू केला होता.

मला यात फसवणूक दिसत नाही, नियम उघड आहेत. पण याला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणू नका, जसं काही मराठी पेजेस म्हणतात. हे कोरे करकरीत रोल आहेत आणि प्लास्टिक, धागा, गोंद एकत्र चिकटलेलं असल्यामुळे पुढे त्याचं रिसायकलिंग जवळपास अशक्य. ड्रेस कपाटात राहतो किंवा कचऱ्यात जातो. खरंच टाकाऊतून करायचं असेल तर जुनी फ्लेक्स बॅनर, सिमेंटची पोती, दुधाच्या पिशव्या आहेत. भूमिती तीच लागते, टक्स आणि कळ्या तशाच.

हात साफ करायला थेट गाऊन नको, आधी एक मोबाईल पाऊच करा. हार्डवेअरच्या दुकानात "कापडी डक्ट टेप" मागा, नुसतं "टेप" म्हटलं तर ब्राऊन टेप हातात पडेल. दहा-बारा पट्ट्या कापल्या की कात्रीची पाती गोंदाने जाम होतात. पाण्याने काही होत नाही. खोबरेल तेलाचा बोळा फिरवा, रबराचा गोंद तेलात सुटतो. मग पाती कोरड्या फडक्याने अगदी नीट पुसा, कारण तेलाचा हात लागलेली पुढची पट्टी कशालाच चिकटत नाही.