अंकांचीं नांवें आणि अंकांचा अर्थ

लहान मूल शंभरापर्यंतचे अंक घडाघडा म्हणूं लागलें, कीं घरांतील वडील मंडळींस धन्यता वाटते. परंतु त्याच मुलास ‘ह्या डब्यांतून सात चिंचोके काढून दे’ असें सांगितलें, तर पुष्कळदां तें मूठभर चिंचोके पुढें करतें. अंक म्हणणें आणि वस्तू मोजणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली जिभेची, दुसरी समजुतीची. आणि बेरीज-वजाबाकीची सारी इमारत ह्या दुसरीवर उभी राहते.

हा भेद दाखविण्यास नाशिकची पंचवटी फार सोयीची आहे. तिच्या नांवांतच संख्या आहे. सीतागुंफेजवळ जे पांच वड दाखवितात, ते मोजावयास मुलास न्यावें. एका झाडास हात लावून एकच अंक उच्चारावा. एकही झाड सुटूं नये, एकही दोनदां मोजलें जाऊं नये. शेवटीं उच्चारलेला ‘पांच’ हें शेवटच्या झाडाचें नांव नसून सर्व झाडांची संख्या आहे, हें मुलाच्या ध्यानांत आलें पाहिजे. त्यासाठीं निराळ्या वडापासून आरंभ करून पुन्हा मोजावयास सांगावें. आरंभ कोठूनही केला तरी पांचच भरतात, हें पाहून मुलास जें नवल वाटतें, तोच गणिताचा श्रीगणेशा होय.

रामकुंडाच्या पायऱ्या हा दुसरा पाठ. तीन पायऱ्या उतरून आणखी दोन उतरल्या, म्हणजे पांच झाल्या, ही बेरीज. दोन परत चढल्या, कीं तीन उरल्या. वजाबाकी ही बेरजेचीच परतीची वाट आहे. गोदावरीस पूर आला म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कोठवर चढलें, हें पाहून नाशिककर पुराचा अदमास घेतात. मुलास दुरूनच विचारावें, ‘काल दहा पायऱ्या उघड्या होत्या, आज सहाच दिसतात, पाण्याखालीं किती गेल्या?’ येथें कोणी कांहीं काढून नेलेलें नाहीं, तरी ही वजाबाकीच. काढून घेणें हा तिचा एक अर्थ; फरक ओळखणें हा दुसरा.

खरी अडचण विसाच्या पुढें सुरू होते, आणि ती मुलाच्या बुद्धीची नसून भाषेची असते. ‘पंचवीस’ म्हणतांना पांच आधीं येतात व वीस मागून; लिहितांना मात्र दोन आधीं मांडावे लागतात. मुलानें ऐकलें त्याच क्रमानें लिहिलें, तर पाटीवर ५२ उमटतात. शिवाय ‘दोन’ हा एकच अंक बाविसांत ‘बा’, बत्तिसांत ‘ब’, बेचाळिसांत ‘बे’ आणि ब्याण्णवांत ‘ब्या’ होऊन बसतो. एकोणतीस म्हणजे तिसास एक ऊन, अर्थात् एक उणें. १९ पासून ८९ पर्यंत अशा आठ नांवांत वजाबाकी दडलेली आहे. नव्याण्णव मात्र हा नियम पाळीत नाहीं. एकक आधीं उच्चारण्याची रीत जर्मन भाषेंतही आहे. उलट कानडी व तेलुगु भाषांत वीस आधीं आणि एक मागून येतो.

२०१९ सालीं बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस’ ह्या नांवाच्या जोडीस ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत देण्यांत आली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा व गणितज्ञ मंगला नारळीकर ह्यांनी मुलांची हीच अडचण पुढें मांडली होती. भाषेचें वळण बिघडेल, अशी भीति विरोधकांस वाटली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बाजारांत ‘त्रेसष्ट’च ऐकूं येणार, म्हणून तें नांव मुलास आलेंच पाहिजे, परंतु त्या नांवापर्यंत पोंचण्यास मधली पायरी असली तर बिघडत नाहीं.

ही पायरी घरीं बांधतां येते. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहांच्या जुड्या कराव्या. दोन जुड्या व पांच सुट्या काड्या पुढें ठेवून प्रथम ‘वीस आणि पांच’ म्हणावें, मग ‘पंचवीस’, आणि त्यानंतर पाटीवर २५ लिहावे. ३२ मधून ७ वजा करावयाचे असतील, तर सुट्या काड्या दोनच आहेत. एक जुडी सोडली कीं बारा होतात, सात काढल्या कीं पांच उरतात, आणि बांधलेल्या दोन जुड्यांसह उत्तर २५ येतें. बेरजेंतला ‘हातचा’ म्हणजे नव्यानें बांधलेली जुडी. हें डोळ्यांनीं पाहिलेल्या मुलास तो शब्द गूढ वाटत नाहीं.

पाठांतर ह्यामुळें निरुपयोगी ठरत नाहीं. रुपया सोळा आण्यांचा होता, तोंपर्यंत पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असणें व्यवहारास आवश्यकच होतें. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि ती गरज ओसरली. साधे पाढे आजही वेळ वाचवितात. मात्र ते अर्थ कळल्यावर यावे, अर्थाच्या जागीं नव्हेत.

२५ च्या जागीं ५२ लिहिणाऱ्या मुलानें कानांनीं ऐकलें तें प्रामाणिकपणें लिहिलेलें असतें. तेवढ्यावरून त्यास ‘ढ’ ठरविलें, तर गणिताची धास्ती जन्मभर पाठ सोडीत नाहीं. त्या अंकावर काट मारण्यापूर्वीं वडिलधाऱ्यांनीं त्याच्या हातीं काड्यांच्या दोन जुड्या द्याव्या. चूक पुष्कळदां तें आपली आपणच सुधारतें.